द्राक्षबागेसाठी छोटा ट्रॅक्टर: जिवो, कुबोटा की स्वराज?

प्रश्न (तालुका निफाड)

नमस्कार. माझी चार एकर द्राक्षबाग आहे. लागवड 9 बाय 5 फुटांवर असून मांडणी वाय पद्धतीची (इंग्रजी Y आकाराच्या आधारावर वेल चढवलेली) आहे. जमीन काळी आणि भारी आहे. आजवर फवारणी भाड्याच्या ब्लोअरवर (ट्रॅक्टरमागे चालणारे पंख्याचे फवारणी यंत्र) भागवली, परंतु गेल्या ऑक्टोबर छाटणीनंतर फुटी पाच-सहा पानांवर असताना सलग दोन दिवस पाऊस झाला, भाड्याचा ब्लोअर तिसऱ्या दिवशी दुपारी आला आणि तोवर एका प्लॉटवर डाऊनी (केवडा हा बुरशीचा रोग) बसायचा तो बसला. त्यामुळे या वर्षी स्वतःचा ट्रॅक्टर घ्यायचाच, असे घरात ठरले आहे.

महिंद्रा जिवो 245 डीआय, कुबोटा निओस्टार बी 2441 आणि स्वराज 724 एक्सएम ऑर्चर्ड हे तीन ट्रॅक्टर मनात आहेत. पहिले दोन 24 एचपीचे आणि फोर व्हील (चारही चाकांना ताकद मिळणारे), तिसरा 25 एचपीचा आणि टू व्हील (फक्त मागच्या चाकांना ताकद मिळणारा). मागे 600 लिटरचा ब्लोअर आणि तीन फुटी रोटाव्हेटर चालवायचा आहे. एचपी जवळपास सारखे असताना निवड कशाच्या आधारे करावी, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

उत्तर 1 (तालुका दिंडोरी)

दादा, एचपीचा आकडा तूर्त बाजूला ठेवा आणि टेप घेऊन बागेत जा. दोन ओळींत 9 फूट अंतर असले तरी ते ट्रॅक्टरला मिळत नाही. दोन्ही बाजूंचे बोद (वेलींच्या ओळीचे मातीचे उंच वरंबे), ठिबकच्या नळ्या आणि बाहेर झुकलेल्या काड्या वजा केल्यावर माझ्याकडे खाली जेमतेम साडेपाच फूट उरतात, आणि घडांच्या उंचीवर त्याहून कमी. चाकांच्या बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंतची रुंदी आणि मडगार्डची उंची या दोन मापांवर आपली निम्मी निवड होऊन जाईल. चाकांतील अंतर कमी-जास्त करता येते का, आणि माहितीपत्रकातली रुंदी कोणत्या जोडणीची आहे, हेही विचारून घ्यावे.

दुसरा मुद्दा आपल्या 600 लिटरच्या ब्लोअरचा. जिवो आणि बी 2441 या दोघांचीही उचलण्याची क्षमता 750 किलो सांगितली जाते, स्वराजची 1000 किलो. 600 लिटर पाणी म्हणजे 600 किलो. त्यात सांगाडा, पंप, पंखा आणि गिअरबॉक्स धरले की 750 चा आकडा सहज ओलांडला जातो. शिवाय क्षमता लिंकच्या टोकाशी मोजलेली असते आणि भरलेल्या टाकीचा भार त्याच्याही मागे पडतो, त्यामुळे प्रत्यक्षात लिफ्टवर त्याहून जास्त ताण येतो. असा भार लटकवून चढावर गेल्यास पुढची चाके हलकी होतात आणि स्टेअरिंग फिरवूनही ट्रॅक्टर सरळच जातो. मी एकदा असाच ताणाच्या तारेवर (ओळीच्या टोकाला मांडणी ओढून धरणारी तार) जाऊन थांबलो होतो. तेव्हा 24 एचपीला लिफ्टवर उचलायचा ब्लोअर घ्यायचा असेल तर 400 लिटरचा घ्यावा, आणि 600 लिटरचाच हवा असेल तर चाकांवर ओढायचा घ्यावा.

उत्तर 2 (ट्रॅक्टर दुरुस्ती, पिंपळगाव बसवंत)

वरील उत्तराशी मी सहमत आहे. त्यात यंत्राच्या बाजूने थोडी भर घालतो.

जिवोचे इंजिन 2 सिलिंडरचे आणि 2300 आरपीएमचे (मिनिटाला फेरे), तर कुबोटाचे 3 सिलिंडरचे आणि 2600 आरपीएमचे आहे. कुबोटा आवाजाला आणि कंपनाला मऊ आहे, जिवो कमी वेगावर ओढीला चांगला वाटतो. रोटाव्हेटर जास्त चालणार असेल तर माझा कल जिवोकडे राहील, फवारणीच मुख्य असेल तर कुबोटाकडे. हे माझे मत आहे, नियम नव्हे. ब्लोअर मात्र इंजिनाच्या नव्हे, पीटीओच्या (ट्रॅक्टरमागचा, अवजार फिरवणारा दांडा) ताकदीवर चालतो, म्हणून विक्रेत्याला पीटीओचे एचपी विचारावेत आणि शक्य असल्यास मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्थेचा चाचणी अहवाल मागून वाचावा. त्यात पीटीओची ताकद, डिझेलचा खप आणि लिफ्टची क्षमता मोजून लिहिलेली असते.

पीटीओच्या दुसऱ्या वेगाचाही विचार करावा. इंजिनाच्या पूर्ण वेगाला पीटीओ मिनिटाला 750 फेरे फिरत असेल, तर ब्लोअरला लागणारे 540 फेरे इंजिन साधारण 72 टक्के वेगावर असतानाच मिळतात. डिझेल वाचते, आवाजही कमी होतो. पण त्या वेगाला ताकदही कमी मिळत असल्याने मोठ्या पंख्याचा ब्लोअर लावल्यास इंजिन दबते आणि काळा धूर येतो.

आपल्या काळ्या जमिनीत टू व्हीलचा विचार मी करणार नाही. पावसानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी फवारणी करता यावी, यासाठीच तर आपण ट्रॅक्टर घेत आहात, आणि नेमके तेव्हाच टू व्हीलची मागची चाके जागेवर फिरू लागतात. मात्र फोर व्हील लावून डांबरी रस्त्यावर चालवू नये. पुढची चाके मागच्यांपेक्षा किंचित जास्त वेगाने फिरतील अशी रचना असते. मऊ मातीत तो फरक घसरण्यात निघून जातो, कडक रस्त्यावर मात्र तो टायर आणि गिअर खातो. पुढे कधी टायर बदलले तर मूळ मापाचेच घालावेत, ते याच कारणासाठी.

सायलेन्सर वर उभा आहे की खाली वळवलेला, हे जरूर पाहा. उभा असेल तर कोवळ्या फुटी मोडतात आणि पाने करपतात.

उत्तर 3 (तालुका सांगोला)

अनुदान घेणार असाल तर राज्य शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करून पूर्वसंमती मिळाल्याशिवाय ट्रॅक्टर खरेदी करू नका. आधी बिल झाले तर अनुदान मिळत नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरील जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला आहे, त्यामुळे त्यापूर्वीचे कोटेशन हातात असल्यास नवीन मागवा.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. काल सकाळी टेप लावून पाहिला. दोन ओळींत मोकळी जागा 5 फूट 2 इंच भरली. वळणाला रस्त्याच्या बाजूला 13 फूट आहेत, नाल्याच्या बाजूला मात्र ताणाच्या तारांपासून बांधापर्यंत साडेआठच फूट उरतात. स्वराज मनातून काढला आहे. पण ओढायचा ब्लोअर घेतला तर नाल्याच्या टोकाला तो वळेल का, ही नवी शंका आहे.

उत्तर 1 (तालुका दिंडोरी)

साडेआठ फुटांत ओढायचा ब्लोअर वळणार नाही, दादा. ट्रॅक्टर वळेल, पण मागची टाकी कोपऱ्यावरच्या अँगलला घासेल आणि पीटीओचा शाफ्टही तिरक्या कोनात खटखट करील. एकतर त्या बाजूच्या ताणाच्या तारा आत घ्या, म्हणजे प्रत्येक ओळीतले शेवटचे झाड जाईल, किंवा 400 लिटरचा उचलायचा ब्लोअर घेऊन पाण्याची एखादी खेप वाढवा. मी खेप वाढवली असती. दोन्ही विक्रेत्यांना सांगा, की प्रात्यक्षिक आपल्याच बागेत, टाकी काठोकाठ भरून आणि नाल्याच्याच टोकाला द्यावे लागेल. पुढे वजनाच्या पाट्या लावूनच आणायला सांगा.