चित्र कुठे चालले आहे हे कळत नसताना पुढे जावे का?

रंकाळाकाठ (प्रश्न)
गेली बारा वर्षे मी जलरंगात निसर्गचित्रे काढतो. पूर्वी कागद ताणून लावण्याआधीच चित्र डोळ्यांसमोर पूर्ण उभे असायचे; गेल्या वर्षभरात मात्र रंकाळ्यावर बसलो की काय रंगवायचे हेच ठरत नाही. मागच्या आठवड्यात संध्यामठाच्या प्रतिबिंबात निळ्या रंगाचा एक ओघळ ओल्या कागदावर पसरला. तो टिपून घ्यावा की राहू द्यावा, या विचारात मी ब्रश हातात धरून बसलो, तोवर कागद वाळला आणि ओघळाच्या कडेला दातेरी रेघ उमटली. चित्र फाडले नाही, पण पूर्णही केलेले नाही. हा गोंधळ म्हणजे हात थकल्याची खूण समजावी, की त्यातून काही नवे निघेल असा भरवसा धरावा?

षड्ज
उस्ताद अल्लादियाखाँ शाहू महाराजांच्या पदरी कोल्हापुरात येण्यापूर्वी, अमलेटा संस्थानात असताना, अतिगायनाने त्यांचा आवाज गेला आणि परत आला तो पूर्वीचा राहिला नव्हता. जुनी गायकी त्या आवाजात बसेना, म्हणून त्यांनी त्याला पेलेल अशी नवी गायकी घडवली. तीच आज जयपूर-अत्रौली घराण्याची म्हणून आपण ऐकतो. जुने सुटले होते आणि नव्याला अजून नावही नव्हते, असा तो मधला काळ मला फार मोलाचा वाटतो. आपणही बहुधा तिथेच आहात.

शाडूमाती
वरील मत मला सरसकट मान्य नाही, कारण मी गणपतीच्या मूर्ती करतो आणि चतुर्थी कोणासाठी थांबत नाही. मातीत पाणी किती घालावे हे न कळणे निव्वळ अज्ञान असते आणि ते जाणत्याला विचारून दूर करावे. मान कोणत्या बाजूला कलवावी हे न सुचणे मात्र वेगळे. तेव्हा मी मूर्तीवर ओले फडके टाकून ठेवतो, म्हणजे माती आळत नाही, आणि दुसऱ्या मूर्तीचे हात करायला घेतो; सकाळी फडके काढले की बहुतेक वेळा बोटेच ठरवतात. आपले काही ठरले नव्हते यात मला चूक दिसत नाही. ब्रश हवेत धरून बसलात, तेवढेच खटकले.

जुना कलाशिक्षक
कवी कीट्सने डिसेंबर 1817 मध्ये भावांना लिहिलेल्या पत्रात, कारणे शोधण्याची घाई न करता शंकेत आणि अनिश्चिततेत राहता येणे, हा थोर साहित्यिकाचा गुण मानला आहे. त्याला शाडूमाती यांच्या फडक्याची जोड द्यावी. एका वेळी तीन कागद लावून बसावे. एक अडला की दुसऱ्याकडे वळावे.

रंकाळाकाठ
आज ते चित्र पुन्हा पुढ्यात घेतले. उन्हाळ्यात तलावाचे पाणी उतरल्यावर दगडावर जशी रेघ राहते, तशी ती दातेरी कड दिसू लागली. म्हणून तिला हात न लावता भोवतीचे पाणी तेवढे गडद केले. आकाश अजून कोरे आहे आणि त्याचे काय करायचे ते ठरलेले नाही. उद्या पहाटे तीन कागद घेऊन जातो.