विंडोज १० वरून ११ वर जाताना : मराठी अंकाचे काम करणाऱ्या कार्यालयाने सुधारणा कशी जोखावी?

त्रैमासिककार

नमस्कार. आम्ही एक लहान मराठी त्रैमासिक चालवतो. टंकन, मुद्रितशोधन आणि अंकाची मांडणी हे सारे काम कार्यालयातील दोन संगणकांवर होते. लॅपटॉपमध्ये इंटेलचा आठव्या पिढीचा आय-५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि एसएसडी आहे. डेस्कटॉप सहाव्या पिढीचा असून त्यात अजून साधी हार्ड डिस्क आहे. दोन्हींवर ६४ बिटचे विंडोज १० प्रो आहे. मागील अंकांच्या फायली डेस्कटॉपवरील सामायिक फोल्डरमध्ये ठेवलेल्या असून लॅपटॉपवरून तो फोल्डर पासवर्ड न देताच उघडतो.

विंडोज १० ला मिळणारी नियमित सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. विंडोज ११ साठी संगणक पात्र आहे का ते सांगणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या ‘पीसी हेल्थ चेक’च्या तपासणीत लॅपटॉप पात्र ठरला आणि डेस्कटॉप, अपेक्षेप्रमाणे, अपात्र ठरला. लॅपटॉपवर विंडोज ११ घ्यायचे हे निश्चित आहे, त्यामुळे कोणते बटण कोठे दाबावे असा माझा प्रश्न नाही. आमचे गेल्या काही वर्षांतील अंक ‘मंगल’ टंकात आहेत, त्याआधीचे अंक युनिकोडपूर्व टंकांत (म्हणजे आजची सामायिक अक्षरसंकेत-पद्धत येण्याआधीच्या टंकांत) आहेत आणि ते उघडणारे सॉफ्टवेअर यूएसबी डोंगल (परवान्याची किल्ली म्हणून लावायचे छोटे उपकरण) लावल्याशिवाय चालत नाही. अशा ठिकाणी अपग्रेडपूर्वी नेमके काय तपासावे, हे जाणकारांनी सांगावे. दुसरे असे की, याविषयी जे वाचायला मिळते ते एकतर निव्वळ कौतुक असते किंवा निव्वळ संताप. नवी आवृत्ती आमच्या कामापुरती खरोखर सुधारलेली आहे की नाही, हे स्वतः पारखण्याची काही पद्धत आहे का?

जुनाखिळा

टंकांविषयी मी सांगतो, कारण बहुतेक सल्ल्यांत हा भाग नसतोच.

विंडोज ८ पासून देवनागरीसाठी मूळ टंक ‘निर्मला यूआय’ आहे. विंडोज १० आल्यापासून ‘मंगल’, ‘कोकिला’, ‘अपराजिता’ आणि ‘उत्साह’ हे टंक ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ नावाच्या ऐच्छिक संचात गेले आहेत. मराठी किंवा हिंदी भाषा जोडलेली असली की हा संच सहसा आपोआप येतो, म्हणूनच तो वेगळा आहे हे अनेकांना ठाऊक नसते. एखाद्या संगणकावर तो नसेल, तर ‘मंगल’मधील मजकूर दुसऱ्या टंकात दिसतो. अक्षरे सारी शाबूत राहतात, परंतु त्यांची रुंदी आणि ओळींची उंची बदलते, त्यामुळे परिच्छेद पुढच्या पानावर सरकतात आणि अनुक्रमणिकेतील पृष्ठांक चुकीचे ठरतात. चूक डोळ्यांत भरत नाही, हीच यातली अडचण आहे. अपग्रेडनंतर सेटिंग्जमधील ‘सिस्टम’ विभागात ‘ऑप्शनल फीचर्स’ उघडून हा संच आहे की नाही ते पाहा आणि नसल्यास जोडून घ्या. तपासणीसाठी अपग्रेडपूर्वी एका पूर्ण अंकाची पीडीएफ काढून ठेवा आणि नंतर त्याच फायलीची नवी पीडीएफ काढून शेवटच्या पानावरील शेवटची ओळ जुळते का ते पाहा. ती जुळली तर मधल्या पानांत काही सरकले असण्याची शक्यता फार थोडी उरते.

युनिकोडपूर्व टंक ही साधी फॉन्ट फाइल असल्याने ते टिकतात. प्रश्न असतो तो डोंगलच्या ड्रायव्हरचा, म्हणजे ते उपकरण विंडोजशी जोडणाऱ्या छोट्या प्रोग्रामचा. शिवाय विंडोज ११ केवळ ६४ बिटमध्येच मिळते. ज्यांचे विंडोज १० हे ३२ बिटचे आहे त्यांना आहे त्यावरच अपग्रेड करता येत नाही, कोरी स्थापना करावी लागते, आणि १६ बिटचे जुने प्रोग्राम तेथे मुळीच चालत नाहीत. तुमचे विंडोज ६४ बिटचेच आहे, त्यामुळे त्यावर आज जे चालते ते बहुधा पुढेही चालेल. डोंगल मात्र या ‘बहुधा’मध्ये धरू नका.

कळफलकाची चिंता नको. इनस्क्रिप्ट पूर्वीसारखाच आहे आणि २०१९ मध्ये विंडोज १० मध्ये आलेला ‘मराठी फोनेटिक’ही तसाच पुढे येतो.

मोजमाप

पारखण्याच्या पद्धतीविषयी लिहितो. आधी मोजले नसेल तर नंतर तुलना कशाशी करणार? म्हणून अपग्रेडच्या आदल्या आठवड्यातच काही आकडे कागदावर उतरवून ठेवा. कागदावर म्हणण्याचे कारण असे की अपग्रेडनंतर जुन्या नोंदी जागेवर सापडतीलच असे नाही.

संगणक सुरू होण्याचा वेळ घड्याळ लावून मोजण्याची गरज नाही. ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये ‘डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स’ या नोंदवहीत १०० क्रमांकाची नोंद असते आणि तिच्यात सुरू होण्याचा अवधी मिलिसेकंदांत दिलेला असतो. येथे एक सापळा आहे. ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर ‘शट डाउन’ केल्यावरही विंडोजचा गाभा डिस्कवर जतन होऊन पुढच्या वेळी तेथूनच उचलला जातो, तर ‘रीस्टार्ट’ केल्यास सारे नव्याने सुरू होते. त्यामुळे दोन्ही वेळचे आकडे ‘रीस्टार्ट’नंतरचेच घ्या, अन्यथा तुलनेला अर्थ राहणार नाही. बॅटरीसाठी ‘पॉवरसीएफजी’ ही आज्ञा सविस्तर अहवाल काढून देते. प्रोग्राम किती वेळा बंद पडले याचा आलेख ‘रिलायबिलिटी मॉनिटर’मध्ये १ ते १० या मापनावर दिसतो, आणि माझ्या मते वेगापेक्षा हा आकडा अधिक बोलका असतो, कारण अंक छापखान्यात देण्याच्या रात्री दोन सेकंद वाचल्याचे कोणाला काही नसते, परंतु मांडणीचा प्रोग्राम मध्येच बंद पडल्याचे फार असते. याखेरीज तुमचे स्वतःचे एक काम निवडा, म्हणजे सर्वांत जड अंकाची फाइल उघडून तिची पीडीएफ काढणे, आणि त्याला लागणारा वेळ लिहून ठेवा.

अपग्रेडनंतर पहिले काही दिवस निकाल देऊ नका. त्या काळात शोधसूची नव्याने तयार होत असते, स्टोअरमधील ॲप अद्ययावत होत असतात आणि ड्रायव्हर उतरत असतात, त्यामुळे पंखा फिरत राहतो व बॅटरी लवकर उतरते. दुसऱ्या बाजूने, जुन्या आवृत्तीवर परत जाण्याची मुदत केवळ १० दिवसांची असते. त्यानंतर ‘विंडोज डॉट ओल्ड’ हा फोल्डर आपोआप पुसला जातो. म्हणजे धूळ खाली बसेपर्यंत मुदतीचा बराच भाग गेलेला असतो. यावर उपाय आहे. अपग्रेड होताच प्रशासकीय अधिकाराने ‘डिझम’ या आज्ञेतील ‘सेट-ओएस-अनइन्स्टॉल-विंडो’ हा पर्याय वापरून ही मुदत ६० दिवसांपर्यंत वाढवता येते. तेवढे दिवस डिस्कवरील बरीच जागा अडून राहील, एवढीच त्याची किंमत. जागा मोकळी करणारी उपकरणे या काळात चालवू नका, कारण तो फोल्डर त्यांच्याही यादीत असतो. आणि परत जाण्याची सोय आहे म्हणून बॅकअप टाळू नका. अंकांच्या फायली बाह्य डिस्कवर घेतल्याशिवाय कशालाच हात लावू नका.

आता सुधारणांकडे वळतो. विंडोज ११ मधील महत्त्वाचे बदल बहुतांशी सुरक्षेचे आहेत आणि ते पडद्यावर दिसत नाहीत. टीपीएम २.० (सुरक्षा-किल्ल्या जपणारी चिप) ची अट, सिक्युअर बूटची (सुरू होताना केवळ विश्वासार्ह प्रणालीच चालू देण्याची) क्षमता आणि आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर हा सारा आग्रह त्यासाठीच आहे. ‘मेमरी इंटेग्रिटी’ ही सोय विंडोजच्या गाभ्यात शिरू पाहणारे प्रत्येक ड्रायव्हर एका वेगळ्या, संरक्षित कप्प्यात तपासते. जुन्या प्रोसेसरवर ही तपासणी जड जाते. नव्यांत तिच्यासाठी हार्डवेअरचीच मदत आहे. कोऱ्या स्थापनेत ही सोय पात्र संगणकांवर चालू येते, परंतु अपग्रेडमध्ये ती आपोआप चालू होईलच असे नाही. ‘विंडोज सिक्युरिटी’मधील ‘डिव्हाइस सिक्युरिटी’ येथे जाऊन ती चालू करून पाहा. विसंगत ड्रायव्हर असल्यास त्यांची यादी तेथेच दिसते, आणि तुमच्या डोंगलची खरी परीक्षा तेथेच होईल.

आणखी एक बाब नोंदवतो, कारण तुम्ही सामायिक फोल्डरचा उल्लेख केला आहे. २४एच२ (विंडोज ११ चे २०२४ मधील अद्यतन) पासून प्रो आवृत्तीत फायलींच्या देवाणघेवाणीला डिजिटल स्वाक्षरी सक्तीची केलेली आहे आणि पासवर्डविना अतिथी म्हणून होणारा प्रवेश मुळातच बंद आहे. २५एच२ ही त्यानंतरची, २०२५ मधील आवृत्ती त्याच पायावर उभी असल्याने तेथेही हेच लागू होते. अपग्रेडनंतर तो फोल्डर उघडला नाही, तर नेटवर्क बिघडले असे समजू नका.

उभीपट्टी

वरील दोन्ही उत्तरे उपयुक्त आहेत, परंतु सुधारणांबरोबर काय काढून घेतले गेले याचाही हिशेब मांडला पाहिजे. रुंद पडद्यावर मी टास्कबार डावीकडे उभा ठेवत असे, कारण लेखनाच्या कामात उंचीची जागा मोलाची असते. विंडोज ११ ने २०२१ मधील पहिल्या आवृत्तीतच ही सोय काढली आणि माझ्याकडील २५एच२ मध्येही ती परत आलेली नाही. खिडक्यांची नावे टास्कबारवर स्वतंत्र दिसण्याची सोयही तेव्हा गेली आणि २०२३ मध्ये परत आली. फाइल ओढून टास्कबारवर टाकण्याच्या सोयीचेही असेच झाले, ती २०२२ मध्ये परतली. जे आधी होते तेच परत देऊन त्याला सुधारणा म्हणावे का, हा माझा आक्षेप आहे. उजव्या बटणाच्या यादीतही जुने पर्याय ‘शो मोअर ऑप्शन्स’मागे दडवले आहेत, शिफ्ट दाबून उजवे बटण दाबल्यास पूर्वीची पूर्ण यादी थेट उघडते, एवढे लक्षात ठेवा. विंडोजसोबत येणारा साधा लेखनाचा प्रोग्राम वर्डपॅडही २४एच२ मध्ये गेला. त्यात कोणी टिपणे ठेवत असेल तर ती उघडण्याची व्यवस्था आधीच करावी.

तरीही एक गोष्ट मान्य करतो. फाइल एक्सप्लोररमधील टॅब आणि विंडोज व झेड या कळा एकत्र दाबल्यावर खिडक्यांच्या मांडणीचे येणारे पर्याय मुद्रितशोधनाला फार उपयोगी पडतात. एका बाजूला मूळ मजकूर आणि दुसऱ्या बाजूला मांडणी केलेले पान, असे काम आता विनासायास होते.

त्रैमासिककार

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे नोंदी ठेवून लॅपटॉपचे अपग्रेड केले आणि मुदतही लगेच वाढवून घेतली. आता यंत्र स्थिरावले आहे, म्हणून निष्कर्ष लिहितो.

सुरू होण्याच्या वेळेत लक्षात यावा असा फरक नाही. अंकाची पीडीएफ काढण्यासही पूर्वीइतकाच वेळ लागतो. ‘मंगल’चा संच आधीपासून बसलेला होता आणि शेवटच्या पानावरील ओळ जुळली. उजव्या बटणाच्या यादीची सवय मात्र अजून झालेली नाही. अनपेक्षित लाभ झाला तो आवाजी टंकनाचा. विंडोज व एच या कळा दाबून मराठीत बोलले की मजकूर उमटतो. त्याला इंटरनेट लागते आणि विरामचिन्हे व जोडाक्षरे तपासावी लागतात, परंतु हस्तलिखितात आलेले लेख वाचून दाखवून टंकित करण्यासाठी आम्ही ते वापरू लागलो आहोत. आमच्यापुरती दिसणारी मोठी सुधारणा हीच.

‘मेमरी इंटेग्रिटी’ चालू करताना डोंगलचा ड्रायव्हर विसंगत ठरला. त्यामुळे ते सॉफ्टवेअर लॅपटॉपवरून काढले, डोंगल डेस्कटॉपला लावले आणि सोय चालू केली. सामायिक फोल्डर, भाकीत केल्याप्रमाणे, उघडत नाही. अतिथी प्रवेश पुन्हा चालू करण्याची युक्ती एका ठिकाणी वाचली. ती वापरावी का? आणि अपात्र डेस्कटॉपचे पुढे काय करावे?

मोजमाप

ती युक्ती वापरू नका. डेस्कटॉपवर एक साधे स्थानिक खाते पासवर्डसह तयार करा, फोल्डरचे अधिकार त्या खात्याला द्या आणि लॅपटॉपवरून तेच नाव व पासवर्ड देऊन ‘लक्षात ठेवा’ हा पर्याय निवडा. एकदा केले की रोजच्या कामात फरक जाणवणार नाही, आणि स्वाक्षरीची सक्तीही आपोआप पूर्ण होईल, कारण विंडोज १० ला ती करता येते.

डेस्कटॉपसाठी विस्तारित सुरक्षा अद्यतनांची योजना आहे. तीत वैयक्तिक वापराच्या विंडोज १० ला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अद्यतने मिळतात. त्यासाठी यंत्रावर विंडोज १० ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचे खाते लागते. सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्याशी जोडल्यास नोंदणी विनाशुल्क होते, अन्यथा १००० रिवॉर्ड गुण किंवा ३० डॉलर इतकी रक्कम मोजावी लागते. अट चुकवून त्यावर विंडोज ११ बसवण्याचे मार्ग आहेत, परंतु मायक्रोसॉफ्ट त्याची हमी घेत नाही. ज्या यंत्रावर तुमचे सारे जुने अंक आहेत तेथे असा प्रयोग करणे मला पटत नाही. त्यापेक्षा त्यात एक एसएसडी बसवा; वेगातला जो फरक तुम्हाला लॅपटॉपवर दिसला नाही, तो तेथे पहिल्याच दिवशी दिसेल.

जुनाखिळा

डोंगल डेस्कटॉपवर नेले ते योग्यच केले, पण आता त्या यंत्राला मुदत आहे असे समजून काम आखा. युनिकोडपूर्व अंकांच्या पीडीएफ सर्वांत आधी काढून घ्या आणि काढताना टंक फायलीतच अंतर्भूत होतील हे पाहा, म्हणजे पाने कोठेही जशीच्या तशी उघडतील. मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर त्यानंतर सवडीने करा. त्यात रफार, ऱ्हस्व इकार आणि ‘ऱ्या’, ‘ऱ्हा’ यांसारखी अक्षरे हमखास बिघडतात, तेव्हा प्रत्येक जुन्या टंकासाठी एकेक पान आधी रूपांतरित करून त्याचे मुद्रितशोधन करा आणि मगच उरलेला अंक हाती घ्या.