फ्रिजमधले ट्युलिप: तुमच्याकडं फुलले का?

टिळकवाडी
काल भाच्यानं श्रीनगरच्या ट्युलिप बागेचे फोटो पाठवले आणि बाबा आठवले. बाबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते. सुट्टीवर आले की सांगायचे, काश्मीरमध्ये जुन्या घरांची छपरं मातीची असतात, थंडी सरली की त्यावर लाल ट्युलिप उगवतात. आम्हा भावंडांना ती थापच वाटायची. ते गेल्यावर त्यांच्या पेटीत तसल्याच छपराचा फोटो मिळाला. त्या वर्षी मी 10 कंद मागवले. ऑक्टोबरात कागदी पिशवीत घालून फ्रिजमध्ये, भाजीच्या कप्प्यात, 12 आठवडे. जानेवारीत कुंडीत. सहा फुलले. देठ वीतभर पण नाही, पण रंग तोच, लाल. आई रोज सकाळी खुर्ची ओढून त्यांच्यापाशी बसायची. तुमचं कसं झालं लिहा, फसलेलं पण लिहा.

खानापूर
पानं झकास, कळी आतच वाळली. शेजारी सफरचंदं ठेवली होती! पिकणाऱ्या फळातून इथिलीन वायू सुटतो, त्यानं कंदातली कळी मरते. हे मला फार उशिरा कळलं. केळी, चिक्कू काही ठेवू नका त्या फ्रिजात.

निपाणी
ताई, बाबा कुठल्या बटालियनला होते? माझे मामा पण एमएलआयचेच.

चिक्कोडी
मी फ्रिजात न ठेवता डिसेंबरात थेट लावले. पहाटे गारठा असतो, पुरेल वाटलं. नाही पुरत. सलग 2 ते 9 अंश पाहिजे, आणि आमच्यात दुपारी अंगातला शर्ट नको होतो. 500 रुपये मातीत.

शहापूर
नुसती काळी माती वापरू नका, पाणी धरते, कंद कुजतो. मी लाल माती, वाळू आणि जुनं शेणखत घालते. कंद जेवढा उंच त्याच्या दुप्पट-तिप्पट खोल. त्याची चपटी बाजू कुंडीच्या कडेकडं करायची, पहिलं मोठं पान त्या अंगाला येतं, कुंडी भरलेली दिसते. सकाळी दहानंतर सावलीत सरकवायची. माझी फुलं पाच दिवस टिकली. उन्हं आली की उघडायची, संध्याकाळी मिटायची. धाकटी म्हणायची, "हळू बोल, फुलं झोपलीत." कुकर झाला, बाकीचं नंतर.

हिंदवाडी
पिशवीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा ग बायांनो. जाऊबाईंनी कांदा समजून सोलायला घेतला होता! विषारी असतो हा कंद. मांजर असेल तर जास्तच जपा.

संकेश्वर
तेच कंद पुढच्या वर्षी येतात काय ओ?

टिळकवाडी
नाही ओ दादा. फूल गेल्यावर पानं बरेच आठवडे हिरवी राहिली तरच कंद पुन्हा भरतो. आपल्याकडं मार्चच्या उन्हात पानं लगेच पिवळी पडतात. मी उकरून बघितलं, लसणाच्या पाकळीएवढे उरले होते. दरवर्षी नवेच घेते. निपाणीच्या दादा, बटालियन आईला विचारून सांगते.

संकेश्वर
मग आमची गुलछडी बरी. आणि मे फ्लॉवर, वळीव पडला की आपोआप वर येतो.

अथणी
ट्युलिप कधी लावले नाहीत. पण छपराचं वाचून थांबलो. आमच्या आजोळी माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं घर होतं. पावसाळ्यात माळवदावर गुडघाभर गवत, एका वर्षी तर तिळाची रोपं आली, आजीनं ती काढू दिली नाहीत. तुमच्या बाबांचं मला पहिल्या वाक्यातच पटलं.

टिळकवाडी
माळवद! आमच्या डोक्यातच आलं नाही कधी. आईला आत्ताच वाचून दाखवलं. ती विचारते, तीळ फुलला होता काय?

अथणी
फुलला होता काकू. पांढरा, जरा जांभळट.