मदत हवी आहे: झोअँथिड मिटलेले, क्लाउन धापा टाकतोय, कोणतं औषध घालू?

मीठभाकर
तातडीचं आहे. ३ x १.५ x १.५ फुटांचा रीफ टँक (खाऱ्या पाण्याचा, पोवळ्यांचा), पुणे. दोन क्लाउनफिश, झोअँथिडचे (फुलासारखे उघडणारे, पोवळ्यांचे नातलग) तीन फ्रॅग (छोटे तुकडे), एक मशरूम पोवळं, पाच गोगलगायी. झोअँथिड चार दिवस मिटलेत. धाकटा क्लाउन वर येऊन भराभर कल्ले हलवतोय. पाणी स्वच्छ आहे, सगळे पॅरामीटर ठीक आहेत. फक्त औषधाचं नाव सांगा, दुकान ९ ला बंद होतं.

शंखशिंपला
ठीक म्हणजे किती? अमोनिया, नायट्रेट, तापमान, सॅलिनिटी (खारटपणा) यांचे आकडे द्या. टँक किती जुना? पाणी कुठलं?

दर्यावर्दी
कल्ले भराभर हलतायत म्हणजे मरीन व्हेल्व्हेट. त्यात मासा दोन दिवसांत जातो. तांब्याचं औषध आणा, लगेच घाला.

पाणकोंबडी
मीठभाकर, तांबं या टँकमध्ये थेंबभरही घालू नका! आधी गोगलगायी जातील, मग झोअँथिड. खडक आणि वाळू तांबं धरून ठेवतात आणि पुढे महिनोन्महिने सोडत राहतात. शिवाय व्हेल्व्हेटचा परजीवी माशाला लागतो, झोअँथिडला नाही. इथे दोघं एकदमच बिघडलेत, म्हणजे दोष पाण्यात शोधायला हवा.

दर्यावर्दी
वेगळ्या टबात उपचार करा असं म्हणायचं होतं, ते लिहायचं राहिलं. पण अंगावर सोनेरी पूड भुरभुरल्यासारखी दिसते का, ते टॉर्च तिरका धरून बघाच.

मीठभाकर
पूड नाही. अमोनिया ०, नायट्रेट १०, तापमान २६. टँक ११ आठवड्यांचा. पाणी डीआयचं (क्षार पूर्ण काढलेलं), २० लिटरचे कॅन विकत आणतो. सॅलिनिटी १.०२५ (घनतेत, म्हणजे समुद्राएवढीच), काट्याच्या हायड्रोमीटरने आजच मोजली. आता तरी औषध सांगा.

निळाई
लाइट किती तास असतो? नवीन टँकला ८ तास पुरे. पहिल्या महिन्यात पांढरा चॅनल (लाइटमधले पांढरे दिवे) १०-१५ टक्क्यांवरच ठेवायचा, नाहीतर शेवाळ खडकाचा ताबा घेतं.

शंखशिंपला
लाइटचं नंतर बघू. मीठभाकर, गेल्या दहा दिवसांत काय बदललंत?

मीठभाकर
काहीच नाही. पाणी ३० वर जात होतं म्हणून ९ दिवसांपूर्वी काचेचं झाकण काढून दोन पंखे लावले, तेवढंच. रोज पाऊण सेंटिमीटर पाणी उतरतं, ते भरतो.

शंखशिंपला
कशाने भरता?

मीठभाकर
खाऱ्या पाण्यानेच, समुद्राचा टँक आहे ना. ३५ पीपीटीचं (लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ, समुद्राइतकं) करून ठेवलंय.

शंखशिंपला
सापडलं. वाफ होते ती फक्त पाण्याची, मीठ टँकमध्येच राहतं. तुमच्या मापाचा पाऊण सेंटिमीटर म्हणजे ३ लिटर. त्यातून रोज साधारण १०५ ग्रॅम मीठ वाढीव गेलं. खडक-वाळू वजा जाता टँकमध्ये पाणी १५० लिटर धरू. म्हणजे रोज ०.७ पीपीटी वाढ, ९ दिवसांत ६ च्या वर. तुम्ही ४१ च्या आसपास असणार. झाकण होतं तोवर वाफ काचेवर जमून परत आत पडत होती, म्हणून चूक लक्षात आली नाही.

काट्याच्या हायड्रोमीटरवर जाऊ नका. काट्यावर मिठाचा थर बसला की तो जड होतो आणि रीडिंग कमी दाखवतो. उलट बुडबुडे चिकटले की जास्त दाखवतो. कोमट पाण्यात तासभर ठेवून धुवा. त्याहून बरं, कुणाचा तरी रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश किती वळतो त्यावरून खारटपणा मोजणारं यंत्र) आणा. तो साध्या पाण्यावर शून्य करून भागत नाही, ३५ पीपीटीच्याच द्रावणावर जुळवून घ्या. घरी करायचं तर ३६.५ ग्रॅम बिनआयोडीनचं शुद्ध मीठ आणि ९६३.५ ग्रॅम डीआय पाणी, दोन्ही वजनाने; हे रिफ्रॅक्टोमीटरवर ३५ दाखवतं.

मीठभाकर
मित्राचा रिफ्रॅक्टोमीटर आणून द्रावणावर जुळवला आणि टँकचं पाणी मोजलं. ४१! आता २०-२२ लिटर पाणी काढून गोडं भरून टाकू का?

दर्यावर्दी
टाका. मासा तडफडतोय, वाट कसली बघता? सॅलिनिटीची उतरण मासा सहज सोसतो.

शंखशिंपला
मासा सोसेल, पण झोअँथिड आणि गोगलगायींना एका फटक्यात ६ ची उतरण झेपणार नाही. दिवसाला दीडच्या आत ठेवा. रोज ५ लिटर टँकचं पाणी काढा, ५ लिटर डीआय घाला, पंपाच्या झोतात हळूहळू. पहिल्या दिवशी ४१ वरून साडेएकोणचाळीसच्या जवळ याल, चौथ्या दिवशी ३६ च्या आत. पाचव्या दिवशी मोजून मगच पुढचं ठरवा, तीनेक लिटर लागतील. वाफेचे ३ लिटर वेगळे, तेही डीआयच. काचेला चिकटपट्टी लावून पातळीची खूण करा आणि सकाळ-संध्याकाळ खुणेपर्यंत भरा.

धाप लागलीय त्यासाठी एका पंपाचं तोंड वर वळवा, पृष्ठभाग चांगला हलला पाहिजे. पाणी जितकं खारट, तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो.

कोकणपट्टी
कॅन, मीठ, एवढा खटाटोप कशाला? रत्नागिरीहून भरतीचं पाणी आणा, चार दिवस अंधारात ठेवा, गाळून वापरा. येताना खडकाचे दोन तुकडेही आणा, त्यात जिवंत बॅक्टेरिया असतात.

पाणकोंबडी
पाण्याबद्दल वाद घालत नाही, पण बंदराजवळचं नको, तिथे डिझेलचा तवंग असतो. पावसाळ्यात तर नकोच, नद्यांच्या पाण्याने सॅलिनिटी खाली येते. खडक मात्र अजिबात उचलू नका. रीफ बांधणारी सगळी कठीण पोवळी २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत आणि किनाऱ्याच्या खडकावर ती असू शकतात. कोरडा खडक आणि बाटलीतले बॅक्टेरिया घेऊनही सायकल (टँकमध्ये अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया तयार होणं) होते, चार-सहा आठवडे लागतात इतकंच.

निळाई
अवांतर: पंखे पुण्यात उन्हाळ्यात चालतात कारण हवा कोरडी. मुंबईत दमट हवेत वाफ फारशी होत नाही, तिथे चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) लागतो. आणि चिलरची गरम हवा खोलीबाहेर गेली नाही तर तो दिवसभर बंदच होत नाही.

मीठभाकर
रोज ८ लिटर डीआय म्हणजे अडीच दिवसाला एक कॅन. स्वयंपाकघरातला आरओ चालेल का? नवीनच घेतलाय, त्यात कॉपरचं कार्ट्रिज आहे, टीडीएस ४५ येतो.

पाणकोंबडी
नाही! ते कार्ट्रिज पाण्यात मुद्दाम तांबं सोडतं. वर ज्याला नको म्हणतोय तेच रोज घालाल. शिवाय त्यातला टीडीएस कंट्रोलर चवीसाठी कच्चं पाणी मिसळतो. मेंब्रेननंतर, कार्ट्रिज आणि कंट्रोलरच्या आधी नळी फोडून घ्या आणि पुढे डीआय रेझिनचं (उरलेले क्षार शोषणाऱ्या दाण्यांचं) हाउसिंग जोडा. टीडीएस ० आला तरच वापरा, १ दिसला की रेझिन बदला.

मीठभाकर
चौथा दिवस, ३५.८. क्लाउन खाली येऊन खातोय, श्वास नेहमीसारखा. दोन फ्रॅग उघडलेत. तिसरा मिटलेलाच, त्यावर तपकिरी बुळबुळीत थर आहे. बाहेर काढून टूथब्रशने घासू का? आणि हे निभावलं की ब्लू टँग आणायचाय.

शंखशिंपला
बाहेर काढून घासू नका. झोअँथिडमध्ये पॅलिटॉक्सिन असू शकतं. घासताना शिंतोडा डोळ्यात किंवा बोटाच्या चिरेत गेला तर दवाखाना गाठावा लागतो. हातमोजे आणि चष्मा घाला, फ्रॅग पाण्यातच ठेवा आणि ड्रॉपरने पाण्याचा झोत मारून थर उडवा. झोअँथिड असलेला खडक कधीही उकळू नका, वाफेतूनही विषबाधा होते.

ब्लू टँग ३० सेंटिमीटरपर्यंत वाढतो, ३ फुटांत त्याला पोहायला जागा नाही. सॅलिनिटी महिनाभर ३५ वर टिकली की एखादी गोबी (छोटा मासा) बघा, पण झाकणाच्या जागी जाळी लावून मगच. गोबी उडी मारते.