पाठपुरावा आणि तडीस नेणे : एकच का वेगळं?

कुपवाड एमआयडीसीत आमच्या कंपनीचं सुपरवायझर लोकांसाठी मराठी पत्रक काढायचं चाललंय, त्यात अकाउंटेबिलिटी आणि फॉलो-थ्रूला शब्द पाहिजेत. मी उत्तरदायित्व आणि पाठपुरावा दिले. तर जुने फोरमन म्हणाले, "सायेब, पाठपुरावा तर आमीच करतोय की तुमचा, तुमी काय करणार ते लिवा." आता काय लिहू?

प्रतिसाद :
फोरमन बरोबर बोलले. पाठपुरावा करतो तो ज्याचं काम अडलंय तो. सातबाऱ्यावर नोंद होत नाही म्हणून चकरा मारणारा पाठपुरावा करतो, तलाठी नाही. एखाद्या मताचा पाठपुरावा केला, म्हणजे ते उचलून धरलं, असा अर्थपण आहे पण तो आता भाषणात नाहीतर अग्रलेखातच दिसतो, हापिसात त्याचं पार रिमाइंडर झालंय. साहेबानं स्वतः कबूल केलेलं काम शेवटाला न्यायचं त्याला तडीस नेणं म्हणा, तड म्हणजे नदीचा काठ. आणि उत्तरदायित्व कशाला हो, शॉपवर कोण बोलतं का असं, जबाबदारीत जबाब आधीच बसलाय की.

प्रतिसाद :
जबाबदारी चालेल, पण 'जबाबदार' जपून वापरा. "याला तूच जबाबदार" म्हटलं की आपल्याकडं सरळ दोष दिला असाच अर्थ होतो, मग माणूस अंग काढणारच. दुसरं म्हणजे या शब्दाला दोन टोकं असतात, कशाबद्दल आणि कुणाला. घटनेच्या कलम ७५ मध्ये मंत्रिमंडळ सामूहिकपणे जबाबदार आहे ते लोकसभेला, कुणाला ते तिथं स्पष्ट लिहिलंय. मीटिंगमध्ये "ही सगळ्यांची जबाबदारी" म्हणतात तेव्हा हे दुसरं टोक गायबच असतं.
आमच्या सांगलीतल्या गणपती पेठेतल्या गोडाऊनला दर पावसाळ्यात ठरायचं, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ४० फुटांवर गेलं, म्हणजे इशारा पातळी आली, की खालची हळदीची पोती माडीवर घ्यायची. सगळे व्हय व्हय म्हणायचे. पण हमालांना फोन कोण करणार, माडीची किल्ली कुणाकडं, हे कुणीच बोलायचं नाही, मग ४५ ची धोका पातळी जवळ आली की पळापळ. आता शेठ भिंतीवर नाव लिहितात आणि रात्री स्वतः फोन करून विचारतात, किती पोती राहिली. "काम झालं का" नाही विचारत, "किती राहिली" विचारतात. ह्याला काय शब्द असेल तो असो, पण पोती वर जातात.

प्रतिसाद :
सरकारी मराठीतलं थोडं. राज्याच्या २००५ च्या दफ्तर दिरंगाईच्या कायद्यात फाइल एका टेबलावर सर्वसाधारणपणे ७ कामाच्या दिवसांपेक्षा जास्त ठेवायची नाही असं आहे, म्हणजे मुदत आणि माणूस दोन्ही आले. पण पत्राला उत्तर काय येतं, "कार्यवाही सुरू आहे". कोण करतोय, कधीपर्यंत, पत्ता नाही. पत्रकात 'कार्यवाही' आणि 'करण्यात येईल' हे दोन्ही टाळा, सरळ "मी करतो, शनिवारपर्यंत" असं येऊ दे. आणि कार्यवाहीच्या जागी चुकून कारवाई छापू नका, सुपरवायझरला वाटेल मेमोच आला.