१९६४ ची डॉज डार्ट परत रस्त्यावर आणायचीये, सुरुवात कुठून करू आणि पार्ट कसे शोधू?

रस्तेभटकी:
मंडळी, मदत हवीये. १९६४ ची डॉज डार्ट घेतलीये, चार दारांची, २२५ घनइंचाचं स्लँट सिक्स (तिरकं बसवलेलं सहा सिलिंडरचं) इंजिन, ऑटोमॅटिक, ती डॅशवर बटणं दाबून गिअर टाकायची असते ना तीच. बरीच वर्षं गॅरेजमध्ये उभी होती, शेवटची कधी चालली ते आधीच्या मालकांच्या मुलालाही नक्की सांगता येईना. पत्रा चांगला आहे, खाली झोपून टॉर्च मारून बघितलं, फ्लोअर शाबूत आहे, मागच्या चाकांच्या वर थोडा गंज दिसतो. टाकीचं झाकण उघडलं की असला उग्र वास येतो की मान मागे घ्यावी लागते.
घरात सगळे म्हणतायत नवी बॅटरी टाक आणि स्टार्टर मारून बघ. मारू का? मागचे ड्रम निघत नाहीयेत, चाक काढलं (उजव्या बाजूचं, डावीकडचे नट तर हलेचनात), ड्रमला सगळीकडून ठोकलं तरी तसूभर सरकला नाही. आणि पार्टच्या दुकानात काउंटरवरचा मुलगा कॉम्प्युटरमध्ये साल आणि मॉडेल टाकतो, स्क्रीनवर काही येत नाही, झालं, मी परत. ग्रिलचं क्रोम फोड आल्यासारखं झालंय आणि एका टेललाइटची काच नाही. मला प्रदर्शनात ठेवायची नाहीये, रविवारी चालवायचीये, पण नीट आणि सुरक्षित चालवायचीये. कुणी या जमान्यातल्या क्रायस्लरच्या (डॉज त्यांचीच) गाड्यांवर काम केलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

पाना_पक्कड:
ताई, स्टार्टर अजिबात मारू नका. इतकी वर्षं उभ्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला धरलेल्या असू शकतात, एका झटक्यात रिंग तुटेल नाहीतर सिलिंडरवर ओरखडे पडतील. आधी सहाही प्लग काढा. तुमच्या इंजिनात प्लग पत्र्याच्या नळ्यांमध्ये बसलेले असतात, त्या नळ्यांच्या बुडाशी रबरी रिंग असते ती आतापर्यंत दगड झाली असणार, तिथूनच ऑईल गळतं, सहा नव्या मागवून ठेवा. प्रत्येक भोकात थोडं पातळ ऑईल सोडा आणि एक-दोन दिवस मुरू द्या. मग हाताने फिरवा. इथे एक गोष्ट आधीच सांगतो, या इंजिनाच्या क्रँक पुलीला बऱ्याचदा मधे बोल्टच नसतो, पुली नुसती दाबून बसवलेली असते, त्यामुळे पुढून पाना लावायला जागा मिळाली नाही तर घाबरू नका, खालून टॉर्क कन्व्हर्टरसमोरचं पत्र्याचं झाकण काढा आणि रिंग गिअरच्या दात्यांना पहार टेकवून हळू हळू ढकला. फिरलं की अर्धी लढाई जिंकलात.
मग ऑईल बदला, व्हॉल्व्ह कव्हर काढून रॉकरवर वरून ऑईल ओता. त्या टाकीतलं पेट्रोल चुकूनसुद्धा इंजिनात जाऊ देऊ नका, टाकी उतरवायचीच आहे असं धरा. पहिल्यांदा चालू करताना पंपाच्या नळीला वेगळा छोटा कॅन जोडायचा. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट साफ करून गॅप ०.०२० इंच ठेवा.
आता जे सगळ्यांना छळतं ते. स्टार्टर मारताय तोवर इंजिन पकडतं आणि चावी सोडली की त्याच क्षणी मरतं, असं झालं तर कार्ब्युरेटर उघडत बसू नका. फायरवॉलवर चिनी मातीचा पांढरा लांबट तुकडा दिसेल, तो बॅलास्ट रेझिस्टर. स्टार्टर फिरताना कॉइलला बॅटरीचा करंट सरळ मिळतो, चावी सोडली की तोच करंट या रेझिस्टरमधून जातो, तो आतून तुटलेला असला की संपलं. स्वस्त पार्ट आहे, एक जास्तीचा कायम गाडीत ठेवा.
चालू झाल्यावर टिकटिक ऐकू येईल, ती येऊ द्या. यात व्हॉल्व्हची गॅप आपोआप सांभाळणारे हायड्रॉलिक लिफ्टर नाहीत, ती इंजिन गरम असताना हाताने इनटेकला ०.०१० आणि एक्झॉस्टला ०.०२० इंच लावायची. उलट एकदम शांत झालं तर काळजी करा, व्हॉल्व्ह घट्ट बसलेत आणि एक्झॉस्टचे जळतील.

जुनं_लोखंड:
इंजिनाचं दादांनी सांगितलंच. पण माझं स्पष्ट मत आहे की चालणं नंतर, थांबणं आधी.
ड्रम ठोकणं आजपासून बंद. १९६४ पर्यंतच्या क्रायस्लरला मागच्या ॲक्सलचं टोक निमुळतं असतं, त्यावर हब आणि ड्रम घट्ट चढवून वर मोठा नट आवळलेला असतो, ठोकून ड्रम तडकेल पण निघणार नाही. चाकाच्या स्टडना बोल्ट होणारा जाड तीन पायांचा पुलर (ओढून काढायचं अवजार) लागतो, हलका पुलर वाकतो. कॉटर पिन काढा, मोठा नट सैल करा पण पूर्ण काढू नका, चार-पाच आट्यांवर राहू द्या, आणि हे फार महत्त्वाचं आहे, कारण ताण सुटताना बंदुकीसारखा आवाज होऊन ड्रम बाहेर उडतो आणि समोर तुम्ही असता. पुलर ताणून ठेवा, मधल्या स्क्रूवर हातोडीने एक ठोका, नाही सुटला तर ताणलेलाच ठेवून दुसऱ्या दिवशी या.
आणि डावीकडचे नट हलत नाहीत कारण तुम्ही ते आवळताय! डाव्या बाजूला उलटे आटे आहेत, स्टडच्या टोकावर एल कोरलेला दिसेल.
या गाडीत मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑईल चाकांकडे ढकलतो तो) एकाच खान्याचा आहे. कुठेही एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. म्हणून रबरी नळ्या तिन्ही नव्या, व्हील सिलिंडर सगळे नवे किंवा स्लीव्ह घालून घेतलेले, लोखंडी पाईप गंजलेले असतील तर तेही, यात काटकसर नको. टायरची नक्षी कितीही छान दिसू दे, बाजूला डॉटचा कोड वाचा, शेवटचे चार आकडे म्हणजे टायर बनल्याचा आठवडा आणि साल. तीनच आकडे असतील तर टायर २००० च्या आधीचा, फेकून द्या.

क्रोम_आणि_कार्ब:
पार्टबद्दल मी लिहिते, माझा सगळा मोकळा वेळ यातच जातो.
काउंटरवर गाडीचं नाव सांगून मागायचं बंद करा, नंबर सांगून मागा. १९६४ च्या डॉजचं फॅक्टरी पार्ट कॅटलॉग आणि सर्व्हिस मॅन्युअल, दोन्हींच्या नव्याने छापलेल्या प्रती मिळतात, पार्टच्या आधी ती दोन पुस्तकं घ्या. त्यात प्रत्येक वस्तूचा सात आकडी मोपार (क्रायस्लरच्या पार्टचा ब्रँड) नंबर आहे. बेअरिंग आणि सीलवर तर कंपनीचा नंबर कोरलेलाच असतो, घासून पुसून वाचा, नंबर मिळाला की गाडी कुठली हे कुणी विचारत नाही. दुसरं म्हणजे हॉलंडरचं इंटरचेंज मॅन्युअल, कुठल्या गाडीचा कुठला पार्ट कुठे बसतो ते त्यात दिलंय, आणि तुमच्या डार्टचा सांगाडा क्रायस्लरच्याच प्लिमथ व्हॅलियंटशी इतका जवळचा आहे की पार्ट शोधायच्या जागा एकदम दुप्पट होतात. स्लँट सिक्स तर १९६० पासून ८० च्या दशकापर्यंत बनत होतं, गॅसकेट, वॉटर पंप, टायमिंग चेन सगळं रॉकऑटोसारख्या ऑनलाइन दुकानात घरबसल्या मिळतं.
अवघड आहे ते दिसणारं सामान. ग्रिल ६३ ची वेगळी, ६४ ची वेगळी, ६५ ची वेगळी. टेललाइटची काचसुद्धा सालाप्रमाणे बघूनच घ्या. यासाठी पेनसिल्व्हेनियात जा, जुलैत कार्लाइलला क्रायस्लरचा मेळा असतो आणि ऑक्टोबरमध्ये हर्शीचा मोठा बाजार भरतो. शाबूत असलेली काच बरोबर न्या, शेजारी शेजारी धरून बघा, फोटोवर विसंबू नका. क्रोमला फोड आलेत ते जस्ताच्या ओतीव धातूचे भाग असतील, ते नीट करून पुन्हा प्लेटिंग करणं महागात जातं, चांगला वापरलेला तुकडा मिळाला तर तोच घ्या.
बटणं घट्ट वाटली तर जोर लावू नका. बटणांचं ते शेवटचं साल होतं, आतल्या केबल मिळणं कठीण, आधी सोडवून ग्रीस करा. पेट्रोलच्या रबरी नळ्या मात्र सगळ्या बदला, आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं, जुनं रबर त्यात फुगून सुटतं.
आणि काढलेला एकही पार्ट टाकून देऊ नका हो ताई! कितीही गंजलेला असो. पंप, ब्रेक शू, मास्टर सिलिंडर, कार्ब्युरेटर, हे सगळं पुन्हा बांधून देणारे लोक आहेत पण त्यांना तुमचा जुना तुकडा लागतो. पिशवीत घाला, कुठून काढला ते लिहा.

रस्तेभटकी:
डाव्या स्टडवर खरंच एल आहे!! नट उलटे फिरवले आणि सुटले. खूप खूप आभार सगळ्यांचे. या आठवड्यात टाकी उतरवते, पुलर पार्टच्या दुकानातून वापरायला मिळतोय. एकच शंका, पाईप बदलायचेच आहेत तर दोन खान्यांचा मास्टर सिलिंडर बसवू का?

जुनं_लोखंड:
बसवा, मी तर आग्रह करीन. दोन खान्यांचे १९६७ पासून आले, पुढे-मागे ड्रम असलेल्या गाडीचाच घ्या, डिस्कवाल्याचा नको. पुढच्या आणि मागच्या ब्रेकचे पाईप वेगळे ओढावे लागतात, ते नव्याने वळवून टोकाला डबल फ्लेअर (तोंड रुंद करून दुहेरी दुमडणं) करून घ्या. घेण्याआधी फायरवॉलवरच्या बोल्टचं अंतर आणि पुशरॉडची लांबी मोजून इथे टाका, मग बघू कुठला बसतो.