कॉन्फरन्स टेबलात टचस्क्रीन बसवायचीय, सुतार सोमवारी येतोय

ठोकळा
नमस्कार मंडळी. आमचं नाशिकला आर्किटेक्टचं छोटं ऑफिस आहे, सहा जण. नवीन जागेत मीटिंगसाठी ८ बाय ४ फुटी टेबल करतोय आणि सरांच्या डोक्यात बसलंय की मधोमध ५५ इंची स्क्रीन हवी, वरून एकच सलग काच, म्हणजे क्लायंट बसला की प्लॅन टेबलावरच उघडायचा, बोटाने झूम करायचा, पेनाने लाल खुणा करायच्या. आयडिया मलापण आवडली पण काम माझ्या गळ्यात पडलंय आणि मी आजवर फक्त कपाटं आणि किचनं डिटेल केलीयेत. घरचा टीव्ही असतो तसला ५५ इंची टीव्ही आडवा झोपवायचा आणि ऑनलाइन मिळते ती इन्फ्रारेड टच फ्रेम वर टाकायची, असं चालेल का? काचवाला म्हणतो १० एमएम टफन (भट्टीत तापवून मजबूत केलेली काच) टाका, बिनधास्त राहा. सुतार सोमवारी प्लाय कापायला घेतोय. कुणी प्रत्यक्ष केलं असेल तर सांगा प्लीज.

तारवाला
ठोकळाशेठ, आधी सुताराला थांबवा, बाकीचं मग बोलू.

मी मीटिंग रूमच्या वायरिंगची कामं करतो, असली दोन टेबलं बघितलीत, एक बसवलंय आणि एक दुसऱ्याचं बिघडलेलं उघडलंय. बिघडलेलं होतं ते अगदी तुम्ही म्हणता तसंच, टीव्ही आणि इन्फ्रारेड फ्रेम. इन्फ्रारेड फ्रेममध्ये काचेच्या वर किरणांचं जाळं असतं, ते जे काही अडवेल तो टच. भिंतीवर ठीक आहे हो, भिंतीवर कोण कोपर टेकतंय? टेबलावर शर्टाची बाही, पेन, फाइलचा कोपरा, चहाचा कप, सगळेच टच. शिवाय फ्रेमची कड काचेच्या वर उठलेली राहते, म्हणजे तुमची सलग काच विसरा, आणि त्या कडेला बिस्किटाचा चुरा साठतो तो वेगळाच.

तुम्हाला पाहिजे तो कपॅसिटिव्ह टच, मोबाइलला असतो तोच प्रकार. मोठ्या साइजमध्ये त्याची फॉइल मिळते, ती काचेच्या खालच्या बाजूला चिकटवतात, वर सगळं सपाट. महाग आहे पण टेबलाला तोच. मात्र जाड काचेतून बोट त्याला नीट कळत नाही, म्हणून १० एमएमचं लगेच हो म्हणू नका, टच कंट्रोलर (फॉइलचे सिग्नल वाचणारा सर्किट बोर्ड) देणाऱ्याला विचारा किती जाडीपर्यंत चालेल आणि त्याप्रमाणे काच घ्या. पेनाने खुणा करायच्या असतील तर कुठलं पेन चालतं तेही आत्ताच विचारा. आणि फॉइलच्या कडेला लागून लोखंडी अँगल नको, टच बिघडतो.

दुसरं, टीव्ही. टीव्ही उभा लावायला बनवलेला असतो, मागून गरम हवा वर चढून निघून जाते. आडवा झोपवला की तीच हवा खाली अडकते, त्यात तुम्ही प्लायच्या पेटीत बंद करणार. दुकानांत लावतात ते कमर्शियल पॅनल घ्या आणि त्याच्या मॅन्युअलमध्ये तोंड वर करून ठेवायला परवानगी आहे का ते वाचा, सगळ्यांना नसते. आणि एलसीडीच्या दोन प्रकारांपैकी आयपीएसच घ्या, कारण टेबलावर सगळे तिरकेच बघणार, दुसरं म्हणजे व्हीए पॅनल बाजूने बघितलं की फिकट पडतं. पेटीला एका बाजूने हवा आत, दुसऱ्या बाजूने १२० एमएमचे दोन पंखे. छोटे पंखे घेऊ नका, मीटिंगमध्ये घरघर ऐकू येते.

तिसरं, अर्थिंग. फोन फालतू चार्जरला लावला की टच कसा आपोआप उड्या मारतो, बघितलंय ना? अर्थिंग नीट नसेल तर इथेही तेच होतं, फक्त क्लायंटसमोर.

काचफोड्या
तारवाल्यांना +१. माझा धंदा काचेचा, म्हणून दोनच गोष्टी.

टफन केल्यावर काच कापता येत नाही, भोक पाडता येत नाही, कड घासायला गेलात तरी अख्खी फुटून चुरा होतो. म्हणजे पॉपअप बॉक्सचा (टेबलातून वर उघडणारा प्लगचा डबा) कटआउट, वायरचं भोक, कोपऱ्याची गोलाई, सगळं भट्टीत जायच्या आधी. ‘नंतर बघू’ हे लाकडात चालतं, इथे नाही.

आणि सलग काचेचं वजन काढलंय का? १ चौरस मीटर, १ एमएम जाड काच साधारण अडीच किलो. ८ बाय ४ ला १० एमएम म्हणजे ७४-७५ किलो. उद्या आत एचडीएमआयची पिन सैल झाली तर ती काच उचलायला चार माणसं बोलवणार का? त्यापेक्षा स्क्रीनपुरती काच वेगळी करा, ५५ इंचीला ६ एमएममध्ये १३ किलोच्या आसपास बसते, दोघं आरामात उचलतात. बाजूला २-३ एमएमची फट राहील, सरांना सांगा तो डिझाइनचा भाग आहे 😄

वरून ट्यूबलाइट असेल तर साधी चकचकीत काच घेऊ नका, प्लॅनपेक्षा छतच जास्त दिसेल. अँटी-ग्लेअर एच केलेली, म्हणजे चकाकी कमी करायला पृष्ठभाग किंचित खरबरीत केलेली काच मिळते.

मठ्ठ_बोका
सरांना सांगा मायक्रोसॉफ्टने हे २००७ मध्येच करून दाखवलं होतं. ३० इंची टेबल, खाली प्रोजेक्टर आणि पाच इन्फ्रारेड कॅमेरे वर बघत बसलेले, किंमत १० हजार डॉलरच्या घरात. नाव सरफेस, तेच नाव पुढे टॅब्लेटला दिलं आणि टेबलाचं बारसं परत करून पिक्सेलसेन्स ठेवलं. खाली अख्खी पेटी, त्यामुळे पाय घालायला जागाच नाही, माणूस बाजूला तिरका बसणार. तुमच्या सुताराच्या हातून तेवढं तरी होऊ देऊ नका.

ठोकळा
बापरे, पायांचा मी विचारच केला नव्हता. आत्ता काढून बघितलं, टेबलाची उंची ७५० एमएम, काच, पॅनल, हवेची जागा, पंखा आणि खालचा प्लाय धरून १५० सहज जातात, म्हणजे खाली ६०० उरतात आणि गुडघ्याला ६५० तरी पाहिजेत. पेटीच्या कडा आतल्या बाजूला तिरक्या घेतल्या तर जमेल असं वाटतंय. पण मधोमध बसवायची की एका टोकाला? सर मधोमधवर अडून आहेत.

सावली_दुपारची
एका टोकाला, डोळे झाकून. आमच्या आधीच्या ऑफिसात मधोमध होती. पहिल्या आठवड्यात सगळे फोटो काढायला आले, तिसऱ्या महिन्यात तिच्यावर टेबलक्लॉथ. कारण एकच, चौघे चार बाजूंना बसले की सरळ कुणाला दिसणार? विंडोज एकाच दिशेला तोंड करून बसतं, समोरच्याला सगळं उलटं. समोरासमोर बसून फोटो बघताना गोल फिरवता येतात, पण प्लॅनवरची अक्षरं कोण उलटी वाचणार, आणि क्लायंट तर मुळीच नाही. शिवाय बसून मान खाली घालून तासभर बघितलं की मान आखडते. टोकाला असेल तर दोघं-तिघं उभे राहून एकाच बाजूने बघतात, जसं आपण पूर्वी ड्रॉइंग बोर्डाभोवती उभे राहायचो.

पण तुमच्या कामाला ५५ इंच खरंच छान आहे हं. स्क्रीन साधारण १२१८ बाय ६८५ एमएम भरते आणि ए१ शीट ८४१ बाय ५९४, म्हणजे ए१ अख्खं एकास एक बसतं, शिवाय बाजूला टूलबारला जागा. फक्त फोर-के घ्या. फोर-केमध्ये एक पिक्सेल ०.३२ एमएमच्या आसपास, तुमचं २.५ एमएमचं अक्षर ८ पिक्सेल उंच येतं, वाचता येतं. फुल एचडीत तेच अक्षर ४ पिक्सेल, मुंग्या.

आणि चहा. कपॅसिटिव्हवर पाणी सांडलं की ते स्वतःच क्लिक करत सुटतं. टच बंद करायचं एक साधं बटण टेबलाच्या कडेखाली द्या, पुसायच्या वेळीपण उपयोगी पडतं.

ठोकळा
ए१ चं गणित सरांना दाखवलं आणि पाच मिनिटांत टोकाला बसवायला तयार झाले 😄 म्हणाले मग मी तिथे उभा राहणार. आता ठरलंय ते असं, कमर्शियल पॅनल, फॉइल टच, स्क्रीनपुरती वेगळी काच, खाली तिरकी पेटी. पॅनल खालून काढायचं की वरून ते ठरत नाहीये.

तारवाला
वरून. एका बाजूला बिजागरी आणि गॅस स्प्रिंग, गाडीच्या डिकीला असतो तसा. टेबलाखाली पाठीवर झोपून वायर शोधायचं वय माझं राहिलं नाही, तुमच्याकडे येणाऱ्या माणसाचंही नसेल. वायर मात्र फ्लोअर बॉक्समधून (फरशीत बसवलेला प्लगचा डबा) घ्या, टचची यूएसबी ५ मीटरच्या आत ठेवा आणि कंप्युटर टेबलाच्या पायातच बसवा, पण स्क्रीनच्या पेटीत नको, दोघांची गरमी एकत्र नको.

ठोकळा
सुताराला गुरुवारपर्यंत थांबवलंय, तोवर पॅनल हातात येईल, मग खरं माप घेऊनच काच सांगतो. इलेक्ट्रिशियनला अर्थिंग तपासायला बोलावलं तर म्हणाला या जागेत अर्थिंगची वायर बोर्डापर्यंत आलेली आहे पण खाली कुठे जोडलीये ते त्यालापण माहीत नाही.

तारवाला
बघा, टेबल राहू दे बाजूला, आधी ते करा.